घर वगळून

बाबांची खोली रिकामी करायची, एवढेच त्या सुट्टीच्या दिवशीचे काम होते. पलंग आदल्या दिवशी एक गरजू कुटुंब घेऊन गेले होते. उरले होते एक कपाट, औषधांचे खोके, खिडकीजवळची खुर्ची आणि भिंतीतल्या फळीवर अखंड चालणारा एक जुना लॅपटॉप. ताई सकाळीच येऊन कामाला लागली होती. तिचा धाकटा भाऊ मात्र दारापर्यंत येई, आत एक नजर टाकी आणि काहीतरी निमित्त काढून जिना चढून वर जाई.

"अरे धाकट्या, तुझी खोली होणार आहे ना ही? मग मी एकटीनेच राबायचं का?"

"आलो ताई. एवढं एक बघतो आणि आलो."

"हे तुझं 'एवढं एक' मी तू शाळेत होतास तेव्हापासून ऐकतेय."

तो हसला, पण थांबला नाही. बाबा गेल्यापासून त्याचे असेच झाले होते. बसला तर उठावेसे वाटे, उठला तर कुठे जायचे ते सुचत नसे. प्रार्थनेला हात जोडले तरी डोळे मिटत नसत.

तो दिवसा घरूनच एका कंपनीसाठी प्रोग्राम लिही आणि उरल्या वेळात स्वतःच्या हौसेची छोटी छोटी संकेतस्थळे तयार करी. भिंतीला रंग किती लागेल हे सांगणारे एक होते, कुंडीतल्या झाडांना पाणी घालायची आठवण करून देणारे दुसरे. असे काही उघडून ठेवले की त्यावर कोणी येते का, हा प्रश्न माणसाला स्वस्थ बसू देत नाही. ते सांगणारी साधने बड्या कंपन्या फुकट देतात, पण मोबदल्यात येणाऱ्या माणसाचा माग काढतात. विकतची साधने हौशी माणसाला परवडत नाहीत. म्हणून धाकट्याने स्वतःचेच साधन लिहिले आणि ते घरातल्या जुन्या लॅपटॉपवर बसवले. त्याचे नाव त्याने 'चाहूल' ठेवले. चाहूल कोणाचे नाव विचारत नसे, चेहरा पाहत नसे. कोणीतरी आले, कुठून आले, कोणत्या पानावर आले आणि अजून आहे की गेले, एवढेच ती सांगे. पडद्याच्या माथ्यावर दोन शब्द आणि एक आकडा असे: आत्ता इथे.

त्याच्यासारख्या इतर हौशी मंडळींना ही गोष्ट फार आवडली. फुकट, आपल्या घरातली, आपल्या मालकीची. पुष्कळांनी ती आपापल्या घरी बसवली. धाकट्याला याचा अभिमान होता आणि तो रास्तही होता. अभिमान रास्त असला म्हणजे तो जास्त सावधपणे बाळगावा लागतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. किंवा बाबांनी सांगितले होते आणि त्याने ऐकले नव्हते.

लॅपटॉप बाबांच्या खोलीत ठेवायचे कारण साधे होते. इंटरनेटची तार त्याच भिंतीतून घरात येत असे. त्याचा पंखा रात्रंदिवस घरघरे. बाबा पडल्या पडल्या म्हणत, "तुझं यंत्र आणि मी, दोघंही सारखीच धाप टाकतो. आधी कोण थांबतो बघू."

बाबांचे पाय गेले तेव्हा ताईने दिवसभरासाठी एक बाई ठेवायचे सुचवले होते. धाकट्याने ते मानले नाही. त्याने 'हाक' नावाचे नवे पान तयार केले. पडद्यावर एकच मोठे बटण. बाबांनी उशाशी ठेवलेला टॅब उघडून ते दाबले की वरच्या खोलीत धाकट्याच्या फोनवर घंटा वाजे आणि बाबांच्या पडद्यावर अक्षरे उमटत: 'हाक पोहोचली. येतोय, बाबा.' वेगळी यंत्रणा उभारण्याचा खटाटोप नको म्हणून त्याने घंटा चाहुलीलाच बांधली होती. चाहुलीने हाक मोजली की घंटा वाजायची. काही दिवस ती नेमाने वाजली. मग ती वाजेनाशी झाली आणि बाबांना आता बरे वाटते आहे, असा धाकट्याने समज करून घेतला.

एका संध्याकाळी कोणा नामांकित माणसाने चाहुलीबद्दल चार चांगले शब्द लिहिले आणि जगभरातून लोक ती पाहायला येऊ लागले. आकडा चढत होता. धाकटा वर पडद्यासमोर खिळून बसला होता. मध्ये त्याने फोनही पाहिला, घंटा वाजलेली नव्हती. अखेर तो खाली आला तेव्हा बाबा गेलेले होते. टॅब छातीवर उपडा पडला होता.

ताई दुसऱ्या दिवशी पोहोचली. रडून झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला होता.

"त्यांनी तुला हाक मारली नव्हती ना रे?"

"देवाशपथ, ताई. घंटा वाजली नाही."

तिने तो शब्द मानला आणि त्यानंतर तो विषय कधी काढला नाही.

आता तो वर येऊन बसला होता, त्याला कारण चिकटरावांचा फोन होता. चिकटराव म्हणजे दूरच्या शहरातले एक प्रोग्रामर. स्वतःच्या दोन साइटी त्यांनी चाहुलीवर टाकल्या होत्या. दोघांची गाठ कधी पडली नव्हती. दोष सापडला की तो सुटेपर्यंत ते मागे लागत, म्हणून धाकट्याने त्यांना हे नाव दिले होते आणि त्यांनी ते आनंदाने स्वीकारले होते.

"साहेब, तुमची चाहूल काही भेटी गिळते," चिकटराव म्हणाले. "माझी बहीण माझ्याच घरात बसून माझी साइट बघते आणि मला दिसतच नाही."

"तो दोष नाही हो. घर वगळून मोजायचं, असा नियमच घातलाय मी. आपणच आपली साइट शंभरदा उघडून बघतो. तेही मोजलं तर आकडा खोटा फुगतो."

"ते ठीक. पण यंत्राला काय ठाऊक, घरात तुम्हीच आहात की आणखी कोणी? घरातला माणूस म्हणजे तुम्हीच, असं गृहीत धरलंत की काय?"

धाकट्याने उत्तर देण्याऐवजी जिन्याच्या दिशेने पाहिले.

"काय झालं? ऐकताय ना?"

"हो… ऐकतोय."

"मी काय म्हणतो, किती भेटी वगळल्या तेवढं तरी दाखवा तळाशी. टाकून दिलेलं पुन्हा बघायची सोय असू द्या माणसाला."

"टाकलेलं साठवत नाही मी. फक्त बेरीज असते. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं की तीही शून्यावर येते."

"मग तुमच्या घरची बेरीज काय म्हणते? बघा बघा, गंमत म्हणून."

धाकट्याने पाहिले. मागच्या आठवड्यात वीज गेली होती, आणि लॅपटॉपची बॅटरी निकामी असल्याने यंत्र नव्याने सुरू झाले होते. त्यानंतर त्याने घरातून आपली एकही साइट उघडली नव्हती, कारण नव्या कामात त्याचे मनच लागत नव्हते. बेरीज शून्य हवी होती, पण तिथे आकडा होता. तो पाहत असताना त्यात एकाची भर पडली. थोड्या वेळाने आणखी एकाची.

"चिकटराव… मी नंतर बोलतो."

बाहेर आभाळ भरून आले होते. भर दुपारी खोलीत दिवा लावावा असा अंधार साचला होता आणि वारा अगदी पडला होता. त्या शांततेत खालच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. तो नेहमीसारखा एकसुरी चालत नव्हता. मध्येच ओढल्यासारखा चढे, क्षणभर थांबे, मग हळूच सुटे.

आपण तो नियम केव्हा घातला, हे धाकट्याला आठवत होते. परक्या लोकांचा खरा आकडा पाहायची घाई झाली होती, आणि तेव्हा बाबा खाली याच घरात होते. एक ओळ. ती लिहिताना त्याला स्वतःची आठवण झाली होती, बापाची झाली नव्हती.

घंटा का थांबली, हे त्याला आता कळले. शेवटच्या संध्याकाळी ती वाजली नव्हती हे खरे होते. त्याने देवाची शपथ घेतली होती आणि तिचा शब्द न् शब्द खरा होता. पण हाक आली होती की नाही, ते कोणालाच सांगता येणार नव्हते. आली असली तर ती त्याच्याच सांगण्यावरून टाकून दिली गेली होती. आणि खाली बाबांच्या पडद्यावर मात्र प्रत्येक वेळी तीच अक्षरे उमटली असणार. येतोय, बाबा.

त्याने तो नियम काढून टाकला.

माथ्यावरचा आकडा हलला. 'आत्ता इथे: १.' खाली पानाचे नाव होते, 'हाक'. आणि शेजारी, पाहुणा कुठून आला त्या जागी, त्याच्याच घराचा पत्ता.

पाहुणा कोण, ते चाहूल सांगत नव्हती. न विचारण्याचे वचन त्यानेच जगाला दिले होते.

शेजारच्या कोणाला आपला वाय-फाय मिळाला असेल, असे त्याने मनाला समजावले. त्याने वाय-फाय बंद केला; त्याचा स्वतःचा संगणक तारेवर चालत होता. आकडा तसाच राहिला. जिन्यावरून त्याने खाली आवाज दिला.

"ताई, बाबांचा टॅब कुठे आहे?"

"टॅब? तो तर मीच नेला नाही का? लेकीकडून तो त्याच महिन्यात फुटला. का रे?"

"काही नाही."

"काही नाही तर खाली ये. हे कपाट मला एकटीला सरकत नाही. आणि हे तुझं यंत्र आधी उचल बाई इथून! किती तापलंय. माणसाला ताप चढावा तसं लागतंय हाताला."

तो वळला आणि त्याच वेळी मेजावरचा फोन वाजला.

लहानशी घंटा, दोन ठोके. बाबांनीच निवडलेला आवाज. 'फार कर्कश नको, तू दचकशील,' असे म्हणून निवडलेला.

खालची खुडबुड थांबली. मग जिन्यावर ताईची पावले वाजली, आधी सावकाश आणि मग भराभर. ती दारात उभी राहिली. हाताला धूळ, कपाळाला घाम.

"हा कसला आवाज?"

धाकट्याने नजर पडद्याकडे वळवली.

"मी विचारतेय. हा आवाज बाबांनी मला फोनवर ऐकवला होता. हाक मारली की हा वाजतो, म्हणाले होते. कोणी दाबलं ते?"

"माहीत नाही, ताई."

"थट्टा करतोयस?"

"नाही…"

फोन पुन्हा वाजला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिले, पण उचलायला हात कोणाचाच गेला नाही. पडद्यावर एकाचा आकडा स्थिर होता.

मग धाकट्याने सांगितले. त्याने काही लपवले नाही, कारण लपवायला आता काही उरले नव्हते. नियम काय होता, तो का घातला, केव्हा घातला. ताई भिंतीला टेकून ऐकत होती. तिने मध्ये एकदाच तोंड उघडले.

"म्हणजे त्यांनी मारलीही असेल."

"असेल. नसेलही. ते कळायला मार्ग नाही."

"मी बाई ठेवू म्हणाले होते."

"हो."

"आणि तू शपथ घेतलीस."

"घंटा वाजली नव्हती, ताई…"

"घंटेचं मला सांगू नकोस." ती ओरडली नाही. तिचा आवाज उलट खाली गेला. "तुला घंटेचं कोणी विचारलं होतं?"

तिसऱ्यांदा घंटा वाजली. या वेळी दोन ठोक्यांमधले अंतर लांबले होते. दाबणाऱ्याचा हात थकला असावा, तसे.

"जा," ताई म्हणाली.

"मी?"

"हाक तुला आहे. मला असती तर मी उडी मारून गेले असते."

"ताई, खाली कोणी नाहीये. तू आत्ता तिथूनच आलीस ना!"

"मग घाबरतोस कशाला?"

त्याने फोन मेजावरच राहू दिला. हातात काही न घेता तो जिना उतरला. बालपणापासून पायाखालचा जिना, तरी त्याने कठडा घट्ट धरला होता. बाबांच्या खोलीचे दार उघडे होते. आत कपाट अर्धवट सरकवलेले होते आणि पलंग जिथे वर्षानुवर्षे होता तिथे फरशीचा एक आयत बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसत होता. खोलीला चुन्याचा आणि धुळीचा वास होता. तो दोन पावले आत गेला आणि त्या वासाखालून दुसरा वास वर आला: पाठीला चोळायच्या मलमाचा. मलमाची शेवटची बाटली ताईने सकाळीच फेकली होती.

पंखा ओढत होता. थांबत होता. सुटत होता.

धाकटा त्या उजळ आयताच्या कडेला जमिनीवर बसला. बाबा असताना तो असा कधी बसला नव्हता. दारातून विचारी आणि दारातूनच परत जाई. त्याने देवाचे नाव घ्यायचा प्रयत्न केला आणि ते ओठांपर्यंत आले नाही. याच ओठांनी ते नाव त्याने साक्षीला बोलावले होते. जग मोजायला बसलेल्या माणसाच्या हिशेबातून घरचे माणूस गळते. त्याच्या वरचा जो एक मोजणारा आहे, तो कोणाला वगळत नाही, हे धाकट्याला त्या फरशीवर बसून पहिल्यांदा खरे वाटले, आणि त्याला थंडी भरून आली.

"बाबा," तो म्हणाला. त्याने फरशीवर हात टेकवला. "बाबा… त्या संध्याकाळीसुद्धा मारली होतीत का हाक?"

पंखा थांबला.

इतकी शांतता त्या घरात यंत्र बसवल्यापासून क्वचितच झाली होती. बाहेर एक थेंब पडत नव्हता, पान हलत नव्हते. त्या शांततेत वरच्या खोलीतून, लांबून आल्यासारखी, घंटा वाजली. मग पुन्हा वाजली. आणि मग थांबेचना. एकामागून एक, ओळीने, जणू कोणी साठवून ठेवलेल्या साऱ्या हाका एकदम सोडल्या होत्या. धाकट्याने कान झाकले नाहीत. तो त्या ऐकत राहिला. जितक्या होत्या तितक्या त्याने ऐकल्या.

शेवटची घंटा विरल्यावर त्याने ओ दिली.

"ओ, बाबा. आलो. इथेच आहे मी."

पंखा पुन्हा सुरू झाला. आता तो सरळ, एकसुरी चालत होता. मलमाचा वास हळूहळू ओसरला आणि नुसती धूळ उरली. धाकट्याने जमिनीला डोके टेकवले आणि तो खूप वेळ तसाच राहिला. या खेपेस डोळे आपोआप मिटले.

वरून ताईचा आवाज आला. तो तिचा वाटत नव्हता.

"धाकट्या… तू काही उघडलंस का तिथे?"

"काय उघडणार? फोन वर आहे माझा."

"हो. माझ्या हातात आहे." तिने पडदा पुन्हा वाचला. "इथे आकडा दोन झालाय."

तो उभा राहिला. चाहूल माणसे मोजत नसे, ती मोजे ती यंत्रे. हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? खोलीत फळीवरच्या लॅपटॉपखेरीज दुसरे यंत्र नव्हते. त्याने एकदा मागे पाहिले, मग बाहेर आला. दार लावले नाही. लावायचा धीर झाला नाही. जिना चढून तो वर आला आणि ताईच्या शेजारी उभा राहून पाहू लागला.

"तू बाहेर आलास ना," ताई हळूच म्हणाली. "मग आता एक व्हायला हवा ना रे?"

"व्हायला हवा."

दोघे वाट पाहत राहिले. आभाळ तसेच दाटलेले होते. अखेर ताईने त्याचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरी तसा, मनगटाजवळ. बोट नाडीवर ठेवून ती जरा वेळ उभी होती, आणि ठोके मिळाले तरी तिने हात सोडला नाही.

धाकट्याने त्या खोलीत आपले काम कधी हलवले नाही. घर वगळण्याचा नियम त्याने सगळ्यांसाठीच काढून टाकला. चिकटरावांना याचे नवल वाटले, त्यांनी कारण विचारले आणि मिळालेले उत्तर त्यांना पुरेसे वाटले नाही, तरी या वेळी मात्र त्यांनी पिच्छा सोडून दिला. रोज संध्याकाळी धाकटा खाली जाऊन त्या उजळ फरशीजवळ बसतो, थोडा वेळ बोलतो, प्रार्थना करतो. घंटा पुन्हा वाजलेली नाही. ताई आली की आधी वर जाते, पडदा पाहते आणि न बोलता खाली येते.

आकडा दोनच आहे. तो खाली बसलेला असताना दोन, बाहेर गेलेला असताना दोन. यंत्र उचलून दुसरीकडे ठेवावे, असे एकदा ताईने सुचवले होते.

"नको," तो म्हणाला. "एकाला मी ओळखतो. दुसरा मीच असलो, तर?"